कॉटनवूडखालच्या वीस ओळी

असल्या उन्हात ओव्हन पेटवणारी बाई एक तर वेडी असते, नाही तर स्लाविकांची सून. जुलैचा शेवटचा रविवार म्हणजे भाजलेलं बदक, आंबट कोबी आणि क्नेडलिकी. आभाळ कोसळलं तरी त्यात बदल नाही. आभाळ कोसळलं असतं तर बरंच झालं असतं म्हणा. पाच आठवडे त्यातून एक थेंब पडला नव्हता.

डोरीनने क्नेडलिकींच्या पिठाचे गोळे उकळत्या पाण्यात सोडले आणि मागे न बघताच म्हणाली, "आज सांग त्यांना."

रुडी दारात बूट काढत होता. "काय सांगू?"

"मलाच विचार आता. फवारणीच्या टाकीची नळी रोज सकाळी ओली असते, रुडी. मी गाई बघायला पाचला उठते. मला काय आंधळी समजलास?"

चोपन्न वर्षांचा माणूस, पण बायकोपुढे उभा राहिला तो शाळेत पकडलेल्या पोरासारखा. "जेवण होऊ दे," तो म्हणाला.

"ब्रूहाचा फोन आला होता. कुट्टीचं यंत्र उद्या सकाळी सहाला आपल्याकडे आणतो म्हणाला. चारपर्यंत होय की नाही ते कळवायचं. नाही तर दुसऱ्याला देणार, आणि मग पंधरा दिवस यंत्र इकडे फिरकायचं नाही. पंधरा दिवसांत टेकडीवरचा मका वाळून कोळसा होईल. हिरवा आहे तोवर कापला तरच त्याचा मुरघास होतो. कुरण तर कधीच जळालंय. गाई हिवाळ्यात काय खातील? तुझे आकडे?"

"मग होय म्हणून सांगायचं होतंस."

"मी सांगितलं. तर म्हणतो, एमिलच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी येणार नाही. जमीन त्यांची."

जमीन रुडीच्या बापाची, एमिलचीच होती. आणि निर्णय कुणाचा, हे आज ठरायचं होतं. रीत अशी, की या दिवशी जेवण झालं की घरातल्या सगळ्यांनी टेकडीच्या शेतात जायचं, कणसं मोजायची, आणि एकरी किती बुशेल मका येईल तो आकडा कोठाराच्या दाराच्या आतल्या बाजूला सुताराच्या पेन्सिलीने लिहायचा. त्या दारावर एमिलच्या बापाचे बावीस आकडे होते आणि त्याखाली एमिलचे एकावन्न. पेन्सिल ज्याच्या हातात, शेतावर शब्द त्याचा. हे कुणी कधी ठरवलं नव्हतं, पण नेब्रास्काच्या आमच्या चेक लोकांच्या कोपऱ्यात पोराबाळांनाही ठाऊक होतं. गेल्या जानेवारीत रुडीची आई, म्हातारी अल्बीना, गेली. तिला पुरून आल्यावर एमिल अंगातला कोटही न काढता म्हणाला होता, "या जुलैला आकडा रुडी लिहील."

रुडीने या वाक्याची तीस वर्षं वाट पाहिली होती. म्हणून तर एप्रिलमध्ये त्याने पहिल्यांदा बापाचं ऐकलं नाही. म्हातारा म्हणत होता, एकरी सव्वीस हजार बिया पेर, या टेकडीला त्याहून जास्त पोसवत नाहीत. रुडीने चौतीस हजार पेरल्या. म्हातारा एवढंच बोलला होता, "बरं. जुलैत बघू." पाऊस वेळेवर आला असता तर रुडी शहाणा ठरला असता. तो आला नाही आणि दाटीने उभी असलेली रोपं एकमेकांच्या तोंडचं पाणी ओढत बसली.

"मला फक्त त्यांनी ते बोललेलं ऐकायचं नव्हतं," रुडी म्हणाला. "‘मी सांगितलं होतं’ हे. तेवढंच."

"आणि तेवढ्यासाठी तू माझ्या गाई उपाशी मारणार."

तो हात धुवायला गेला.

लिबी ओमाहाहून बारा वाजता पोचली. रुडीची थोरली बहीण; गाडीतून उतरताना हातात दुकानातल्या कोलाच्यांचं, खसखशीच्या गोड पावांचं, खोकं.

"हे काय," एमिल खोक्यात डोकावून म्हणाला. म्हाताऱ्याचं वय ब्याऐंशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण नाक शाबूत. "खसखस कुठाय यात? खसखशीचा नुसता फोटो काढून चिकटवलाय."

"खा गुपचूप, ताता. पहाटे रांगेत उभी राहून आणलेत."

"तुझी आई रांगेत उभी राहत नव्हती. ती चुलीपुढे उभी राहायची."

"म्हणूनच लवकर गेली."

मग डोरीनने कोबीचं भांडं म्हाताऱ्यापुढे सरकवलं आणि जेवण पुढे सुरू झालं. डोरीनचं आणि लिबीचं कधी पटलं नव्हतं. लिबीच्या मते भावाने स्वीडिश घरातली, तोंडाळ बाई करून आणली होती; डोरीनच्या मते नणंद वर्षातून तीनदा येऊन घराचा भाव करून जायची. दोघींचंही फारसं चुकत नव्हतं.

"रेडिओवर सांगत होते," लिबी म्हणाली, "आपल्या बाजूचा निम्मा मका गेला म्हणून."

"रेडिओ माझ्या कॉटनवूडच्या झाडाखाली आला होता का?" म्हाताऱ्याने बदकाची तंगडी मोडली. "मी जातो दर बुधवारी. कमरेच्या वर कणसं लागलीत, हिरवीगार. विचार रुडीला."

रुडी पाणी प्यायला.

"काय रे रुडी, हिरवीगार आहेत ना?"

"तिथली आहेत, ताता."

"तिथली म्हणजे? एकावन्न वर्षं मी तिथेच मोजतोय." म्हातारा मुलाकडे बघत राहिला, त्याला जेवढं दिसत होतं तेवढं. "आणखी काही सांगायचंय?"

डोरीनने टेबलाखालून नवऱ्याच्या घोट्यावर बूट टेकवला.

"नाही," रुडी म्हणाला.

"ब्रूहाने चारपर्यंत उत्तर मागितलंय, ताता," डोरीनच बोलली मग. "मुरघासाचं."

"आकडा मोजू, मग बघू. मका कोठारात जातो, खड्ड्यात नाही. माझ्या हयातीत टेकडी हिरवी दोनदाच कापलीय." म्हाताऱ्याने तोंड पुसलं. "कोलाचे आणा इकडे. वाईट तर वाईट."

---

पिकअप लिबीने चालवली. म्हाताऱ्याचा परवाना दोन वर्षांपूर्वीच गेला होता; बुधवारी तो विनापरवाना, नाल्याकाठच्या बांधाने, ताशी आठ मैलांच्या वेगाने जायचा आणि सगळे तिकडे काणाडोळा करायचे. रुडी ट्रॅक्टरवरून पुढे गेला होता. डोरीन म्हणाली, मी चालत येते, आणि बादली घेऊन कुंपणाच्या बाजूने टेकडी चढू लागली.

लिबीने मनात सगळं जुळवलं होतं. शेजारचे केसलर बंधू पूर्ण जमीन कसायला घ्यायला तयार होते, आणि ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ताताने ओमाहाला यावं, डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्यावं, तिच्या मागच्या खोलीत राहावं. रुडीने काय करावं याचा तिने विचार केला नव्हता असं नाही, पण फार केला नव्हता.

"ताता, खरंच रुडीला पेन्सिल देणार?"

"बोललोय तसं."

"तुम्हाला वाटतं त्याला जमेल?"

"ते आज कळेल," म्हातारा म्हणाला.

गाडी वळणावर आली आणि लिबीला टेकडी दिसली. ती शेत सोडून गेली त्याला पस्तीस वर्षं झाली होती, पण मका कसा असावा हे माणूस विसरत नाही. वरपर्यंत सगळा करडा. पानं सुरळीसारखी गुंडाळलेली, खालची निम्मी वाळून पांढरी. तुरे उन्हात करपलेले. तिने बापाकडे पाहिलं. तो समोरच्या काचेतून शांतपणे बघत होता. त्याला नाल्याकाठची झाडी एक हिरवा डाग म्हणून दिसत असेल आणि टेकडी एक करडा डाग म्हणून, बस. टेकडी कशी आहे हे त्याला कुणी तरी सांगितल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि कुणी सांगितलं नव्हतं. ती तोंड उघडणार होती. मग तिने विचार केला, ते रुडीने सांगावं, आपण का.

कॉटनवूडखाली मात्र मका डोक्यावर दोन हात उंच. म्हाताऱ्याने नेहमीच्या दहाव्या ओळीत नेहमीची दोरी टाकली, सतरा फूट पाच इंच, दोन्ही टोकांना गाठ. एकराच्या हजाराव्या भागाची ओळ. तेवढ्यातली कणसं मोजायची, तीन सोलायची, दाण्यांच्या रांगा गुणिले एका रांगेतले दाणे गुणिले कणसं, भागिले नव्वद. बापाने शिकवलेली रीत, आणि बापाने दाखवलेली जागा. शितावरून भाताची परीक्षा करायला हरकत नाही. पण तेवढं एक शीत कुणी वेगळ्या भांड्यात शिजवून ठेवलं असेल तर?

"तीस," म्हातारा बोटांनी चाचपत ओळ संपवून म्हणाला. "मोजून घे लिबी."

"तीसच आहेत."

त्याने एक कणीस तोडलं, चाकूच्या पात्याने साल चिरली, अलगद उलगडली आणि कणीस देठाला धरून हलवलं. केस झरकन गळून पडले. केस गळाला म्हणजे त्याच्याखालचा दाणा भरला. चिकटून राहिला तर तो दाणा वांझ. आमच्याकडे हे चालता येण्याआधी शिकवतात. म्हाताऱ्याने कणसावरून अंगठा फिरवला. "सोळा रांगा. बत्तीस दाणे." तो मनात हिशोब करत उभा राहिला. "एकशे सत्तर. अशा वर्षाला एकशे सत्तर. चौतीस हजार बिया पेरून. शाबास रुडी, बापाला खोटं पाडलंस."

रुडीने ही शाबासकी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. तो जमिनीकडे बघत होता.

लिबीने जायला पाय उचलला आणि तिचा पांढरा बूट मातीत रुतला. तिने खाली पाहिलं. काळी, ओली, मऊ माती. पाच आठवडे पाऊस नाही आणि बुटाला चिखल. तिने ओळी मोजल्या. वीस ओळी हिरव्या, एकविसावी करडी, जणू सुरीने कापल्यासारखी. तिने भावाकडे पाहिलं आणि त्याने मान फिरवली. अगदी तशीच, जशी लहानपणी चर्चची काच फोडल्यावर फिरवली होती.

आता बोलायचं की नाही? लिबी चांगली बाई होती, पण त्या घडीला तिने फार वाईट विचार केला. लिहू दे त्याला एकशे सत्तर. ऑक्टोबरात कापणी होईल, कोठारात तीस-पस्तीस येतील, ताताला स्वतःच्या हाताने कळेल की पोरगा काय लायकीचा आहे. मग केसलर. तिने बूट गवताला पुसला आणि गप्प बसली.

---

कोठारात उकाडा बाहेरच्याहून जास्त होता. रुडीने दाराची अर्धी फळी आत ओढली. वरपासून खालपर्यंत आकडे. काही धूसर, काही ठसठशीत. सगळ्यात खाली मोकळी जागा, आणि एमिलने त्याच्या हातात ठेवलेली चपटी पेन्सिल. वर्ष लिहून झालं. पुढचं लिहायचं राहिलं.

"लिही ना," एमिल उपड्या पिंपावर बसत म्हणाला. "चार वाजत आले. लिही, आणि ब्रूहाला नाही म्हणून फोन कर. तुझा पहिला निर्णय तूच कळव."

रुडीच्या डोक्यात त्या वेळी गाई नव्हत्या, खोटेपणाही नव्हता. पेन्सिलीची टोकदार बाजू दाराला लागली की संपलं, एवढंच. ऑक्टोबर दूर होता. ऑगस्टात पाऊस येऊ शकतो. काहीही होऊ शकतं. माणूस स्वतःला किती काय काय सांगू शकतो याला मर्यादा नाही.

तेवढ्यात दारातून डोरीन आली. घामाने निथळत होती, हात मक्याच्या पानांनी ओरबाडलेले. तिने बादली म्हाताऱ्याच्या पायाशी आदळली. आत बोटभर-वीतभर कणसं.

"ही वरची, ताता. तीन ठिकाणची. मीही दोरी टाकली."

"डोरीन," रुडी म्हणाला.

"तू गप्प. तुला बोलायला सकाळपासून सांगतेय."

एमिलने बादलीला हात लावला नाही. "ही बांधावरची असतील," तो म्हणाला. "बांधावरची नेहमी बारीक."

डोरीनने वळून थेट नणंदेकडे पाहिलं. "तुझे बूट बघितले मी, लिबी. तुला माहीत आहे. या गाई माझ्या एकटीच्या नाहीत. तुझ्या आईने लग्नात आणलेल्या तीन गाईंचं हे पोटचं आहे, चौसष्ट जनावरं. तुला केसलर हवेत ना? घे केसलर. पण आत्ता खरं बोल."

लिबीला आईचं नाव लागलं. ती खाली वाकली, बादलीतून एक कणीस घेतलं, सोललं, बापाच्या हातात दिलं. "हलवा, ताता."

म्हाताऱ्याने हलवलं. केस जागचे हलले नाहीत. पुन्हा हलवलं, जोरात. मग अंगठा फिरवला. पाच-सहा दाणे, मग मोकळं, मग दोन दाणे.

"बांधावरचं नाही," लिबी म्हणाली. "सगळी टेकडी अशी आहे. मी येताना बघितली."

दारातून माशा येत-जात होत्या. शेवटी रुडी बोलला, दाराकडे तोंड करूनच.

"मी पाणी घातलं, ताता. तुमच्या झाडाखाली. एक जुलैपासून, रोज पहाटे. वीस ओळी."

"माहीत आहे."

रुडी वळला.

"पहिल्याच बुधवारी कळलं," एमिल म्हणाला. त्याचा आवाज सपाट होता. "झाडाखाली कोवळं तण उगवलं होतं. पाऊस नसताना तण उगवत नाही, रुडी. मला दिसत नाही, पण हाताला लागतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून. तीन बुधवार थांबलो. आज जेवताना विचारलंही. वाटलं शेतात बोलशील. वाटलं पेन्सिल हातात घेतल्यावर तरी बोलशील. ज्याला वाईट आकडा लिहिता येत नाही त्याच्या हाती शेत द्यायचं नसतं. माझ्या बापाने मला हेच सांगितलं होतं."

"तुम्ही मला कधी वाईट आकडा सांगू दिलात?" रुडीचा आवाज फाटला. "तीस वर्षांत? मी काही चुकलो की आठवडाभर टेबलावर त्याचंच दळण. चौतीस हजार चुकलो हे सांगितलं असतं तर मरेपर्यंत ऐकवलं असतंत."

"ऐकवलं असतं," म्हातारा म्हणाला. "मग?"

"झालं तुमचं?" डोरीन म्हणाली. ती ओरडली नाही, आणि म्हणूनच सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "ह्याने लपवलं, हे वाईट. पण ताता, तुम्हाला माहीत होतं. तीन आठवडे माहीत होतं आणि तुम्ही परीक्षा घेत बसलात. हा तुमची वाट बघतोय, तुम्ही ह्याची वाट बघताय, आणि तिकडे टेकडी जळतेय."

"मला वाटलं ऐंशी तरी असेल वर," एमिल पहिल्यांदाच हळू बोलला. त्याच्या हातातलं कणीस अजून तसंच होतं. "ऐंशी असेल तर थांबता येतं. हे असं आहे हे मला कुणी सांगितलं नाही. किती आलं तुझं?"

"छत्तीस."

म्हाताऱ्याने मान हलवली. मग तो पिंपावरून उठला. "फोन आण."

फोन लिबीने लावून दिला. म्हातारा कानाशी धरून उभा राहिला, पाठ ताठ. "ब्रूहा, एमिल बोलतोय. उद्या सहाला ये... हो. ...हो, कळलं." बराच वेळ तो नुसता ऐकत होता. "नाही, तुझी चूक नाही. चार म्हणजे चार." त्याने फोन लिबीकडे परत दिला. लिबीने पाहिलं, चार वाजून पंधरा मिनिटं झाली होती. म्हाताऱ्याने सांगितलं, ब्रूहाने चार वाजून दहा मिनिटांनी यंत्र केसलरांना देऊन टाकलं होतं.

केसलरांचं नाव ऐकल्यावर लिबी हसली, अगदी थोडं, आणि तिची तिलाच लाज वाटली.

एमिल दाराजवळ गेला आणि बोटांनी खालची मोकळी जागा चाचपली. "वर्ष लिहिलंस?"

"लिहिलं."

"मग पुढचं लिही."

"ताता, आता कशाला?"

"कशाला म्हणजे? जुलैचा शेवटचा रविवार आहे." म्हातारा दारातून बाजूला झाला. "पेन्सिल तुझ्याकडे आहे. मी परत मागितली नाही."

रुडीने छत्तीस लिहिलं. त्या दारावरचा सगळ्यात लहान आकडा, बापाचा आणि आजाचा धरून. तीस वर्षं त्याने मनात हा क्षण पाहिला होता आणि एकदाही त्यात आकडा नव्हता, नुसता हात होता. लिहून झाल्यावर तो बाजूला झाला, म्हणजे म्हाताऱ्याला बघता यावं. पण म्हातारा बाहेर पडला होता. लिबी त्याचा दंड धरून त्याला घराकडे नेत होती आणि डोळ्यांच्या डॉक्टरबद्दल काही तरी बोलत होती. तो नको म्हणत नव्हता.

डोरीन आडोशाला गुरांच्या कुंपणाशी उभी होती. खाद्याचं रिकामं पोतं तिने फाडून फळीवर पसरलं होतं. गाई पाण्याच्या टाकीभोवती दाटीने उभ्या होत्या.

"गुरुवारी बाजार आहे," ती म्हणाली. "वीस ठेवता येतील. फार तर बावीस."

"मी ब्रूहाकडे जाऊन बघतो. केसलरांशी बोलतो."

"बोल हवं तर." तिने त्याच्याकडे न बघता हात पुढे केला. "पेन्सिल दे."

त्याने दिली. ती कुंपणावरून वाकून गाईंच्या कानातले बिल्ले वाचू लागली. बाजारात न्यायच्या गाईंमध्ये पहिला नंबर तिने दोनशे बाराचा लिहिला. एका मार्चच्या हिमवादळात, ती वासरू असताना, तिने ती स्वयंपाकघरात, ओव्हनच्या दाराशी ठेवून बाटलीने वाढवली होती. रुडी तिच्या बाजूला उभा राहून पुढचा नंबर सांगू लागला, कारण सूर्य समोर आला होता आणि तिला नीट दिसत नव्हतं.